वरचे दोन क्लिक

५ ऑक्टोबर, रविवार

पावसाळ्यानंतर आज बेळगावची रेंज उघडली. तीनशे मीटरच्या पट्ट्यातलं गवत कापून काढलंय, पण वास अजून ओलाच. सुभेदार सांबऱ्याहून सातलाच येऊन बसलेले. पलटणीतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी उभं राहणं तेच. क्लबच्या रेंजवर हुकूमही त्यांचाच.

सुमनच्या साठ गोळ्या. दहा-दहाचे आकडे : ९५, ९४, ९५, ९३, ८८, ८४. एकूण ५४९. पहिल्या चाळीस बघून सुभेदार म्हणाले, "सिस्टर, राज्याला पोचल्याच तुम्ही." शेवटच्या वीस बघून चहा मागवला.

मी नेहमीसारखा शेजारी पालथा, दुर्बिणीला डोळा लावून वारा सांगायला. मी वाऱ्याचा आकडा सांगायचा, तिनं रायफलीवरची नेमाची चकती तेवढे क्लिक फिरवायची, गोळी मारायची. नवरा-बायको मिळून एक नेमबाज, असं क्लबात म्हणतात आम्हाला. मला आवडतं ते.

परत येताना स्कूटीवर मागून म्हणाली, "शेवटी शेवटी डोकं भरून जातंय हो."
"कशानं?"
"कशानं म्हंजे... असंच."

राज्य स्पर्धेला जायला निवड चाचणीत ५६० हवेत. चाचणी डिसेंबरात.

८ ऑक्टोबर, बुधवार

सु. पहिली पाळी करून तीनला आली. जेवण, भांडी, मग हॉलमध्ये चटई. रायफल क्लबाच्या कपाटातच असते, त्यामुळं घरी सरावाला मी सागवानाची एक करून दिलीय. वजन बरोबर तेवढंच, आत शिसं भरून. ती घेऊन पालथी पडते, समोरच्या भिंतीवर खडूचा ठिपका, श्वास सोडायचा, बोट दाबायचं. गोळी नाही, आवाज नाही.

आज दार उघडं राहिलेलं. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उंबऱ्यात आला, समोर बाई नेम धरून. तसाच उलटा जिन्यापर्यंत. "आक्का, पैशे नंतर द्या!" सु.ला हसू आवरेना. पुढची वीस मिनिटं ठिपका काही जागेवर राहिला नाही.

मग दस्त्यावर गाल टेकून तशीच झोपली. आठ तास वॉर्डात उभी होती. चादर घातली, रायफल काढली नाही. काढली की जागी होते.

१२ ऑक्टोबर, रविवार

५४८. पुन्हा तेच. चाळीसपर्यंत सरळ, मग घसरण.

एक गोष्ट लिहून ठेवतो. शेवटची गोळी झाल्यावर सु. चकती शून्यावर आणून मगच रायफल माझ्याकडं देते. आज हॉस्पिटलचा फोन आला, ती बोलत बाजूला गेली, तेव्हा रायफल मी उचलली. चकती उजवीकडं सहावर. मी शेवटी सांगितलेलं : उजवी चार. माझ्या वहीत चारच आहे.

चुकून फिरली असेल. वही मिटली.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज मुद्दाम केलं. शेवटची गोळी सुटल्या सुटल्या, "दे, मी ठेवतो" म्हणून रायफल घेतली. मी सांगितलेलं तीन. चकतीवर पाच.

सु. माझ्याकडं बघत होती. मी आभाळाकडं बघितलं.

सर्व्हे ऑफिसात चोवीस वर्षं झाली मला. मोजणी जुळली नाही की चूक कुठं ते शोधल्याशिवाय जेवण जात नाही. दिवाळीचं सामान आणायला गेलो आणि रवा विसरून आलो.

२६ ऑक्टोबर, रविवार

डाव्या कानातला बोळा जरा सैल ठेवला. रेंजवर आम्ही दोघंच, सुभेदार गुण दाखवायला टार्गेटखालच्या खड्ड्यात गेलेले. पहिलीच गोळी, चकती शून्यावर.

मी : "उजवी तीन."

टिक, टिक, टिक. थांबली. मग अजून दोन, सावकाश, अंगठ्यानं दाबून. आवाज होऊ नये म्हणून.

"तीन," म्हणाली.

गोळी गेली. खड्ड्यातून पाटी वर आली : दहा. बरोबर मधोमध.

माझं ऐकलं असतं तर नऊ.

पुढच्या एकोणसाठ गोळ्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. बोळा परत घट्ट लावला, एवढं आठवतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ती गवारीच्या शेंगा मोडत बसलेली. मी पेपर उघडा धरून.

"कधीपासनं?"
"काय?"
"वरचे दोन क्लिक."

शेंगा मोडायचं थांबली. "दोन वर्षं झाली असतील."
"आणि बोलली न्हाईस."
"कसं बोलायचं? वारा सांगताना तुम्ही लई खुशीत असता. जरा मान वळवली की दिसतंय मला. ऑफिसातनं येताना न्हाय तसं तोंड असतंय."
"मग मी येतो कशाला तिथं?"
"मला बरं वाटतंय म्हणून."

पेपर वाचला. काय वाचलं देव जाणे. आणि देव मी मानत नाही.

नऊ वर्षांपूर्वी रेंजवर मीच नेलं हिला. नुसती डबा घेऊन सोबत आलती. मी तेव्हा जिल्ह्यात पहिल्या पाचात. सुभेदार म्हणाले, "सिस्टर, बघा एकदा डोळा लावून." पाच गोळ्या, बशीएवढ्या जागेत. घरी येताना मीच तिच्यापेक्षा जास्त बोलत होतो. घोडा कसा दाबायचा, श्वास कुठं सोडायचा, सगळं मी शिकवलं. वारासुद्धा.

२९ ऑक्टोबर, बुधवार

ती दुसऱ्या पाळीला. मी तिच्या दोन वर्षांच्या वह्या काढून बसलो. राग होता म्हणूनच काढल्या, खोटं कशाला लिहू.

सगळ्या वह्यांत एकच गोष्ट. एक ते चाळीस चांगलं. चाळीसच्या पुढं आठ, सात, एखादा सहासुद्धा. दमते म्हणावं, तर ही बाई आठ तास उभी राहून घरी स्वयंपाक करते. हात तर इतका स्थिर की तान्ह्या पोराची शीर पहिल्या टोचणीत सापडते.

मग हिशेब मांडला. माझा आकडा ऐकायचा. स्वतःचा काढायचा. फरक धरायचा. मला कळू नये असं फिरवायचं. माझा आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. आणि मग श्वास सोडून, मन रिकामं करून घोडा दाबायचा. साठ वेळा.

डोकं भरून जातंय म्हणाली होती. कशानं ते विचारलं तर "असंच".

राग गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट.

२ नोव्हेंबर, रविवार

ठरवून गप्प राहिलो. दुर्बीणसुद्धा पेटीतच. नुसता शेजारी.

५३१. कित्येक महिन्यांत एवढं खाली नाही. दर गोळीआधी थांबायची, माझ्या आवाजाची वाट बघितल्यासारखी.

येताना म्हणाली, "तुम्ही गप्प बसला की वाटतंय रुसलाय."
"रुसलोय थोडा."
"तेच की. मग नेम कसा लागंल?"

५ नोव्हेंबर, बुधवार

खानापूर बाजूला मोजणी. दोन भावांचा बांध. मशीन तिवईवर लावलं, पलीकडच्या दगडाकडं बघितलं, चार बोटं फरक येतोय. परत लावलं, परत फरक. शेवटी सापडलं : तिवईचा एक पाय भुसभुशीत मातीत रुतत होता. माझ्या पायापाशी केसभर हललं की पलीकडं चार बोटं.

मशीनच्या दुर्बिणीला डोळा तसाच लावून उभा राहिलो. अरे.

गोळीचंही तेच की. सुरुवातीला वाऱ्यानं तोंड जरा फिरवलं की तीनशे मीटरला किती जाईल! आणि मी इतकी वर्षं बघतोय कुठं? टार्गेटपाशी. गोळी कुठं लागली ते दिसावं म्हणून दुर्बीण तिथंच लावलेली, तिथलाच झेंडा, तिथल्याच उन्हाच्या झळा. तिथं मागं मातीचा बांध, बाजूला निलगिरी. उजवा वारा तिथं पोचेपर्यंत अर्धा होतो. आमच्या नळीपाशी मात्र उजवीकडं उघडं माळरान.

तिथूनच फोन लावला. ती ड्युटीवर.
"सुमे, वारा कळला!"
"कोण वारला?"
"वारला न्हाय गं, वारा! वारा!"
"अवो, नीट सांगा, कोण वारला? आई बऱ्या आहेत न्हवं?"

दोन्ही भाऊ भांडण विसरून माझ्याकडं बघत होते. शिपाई कन्नडमध्ये त्यांना सांगत होता, साहेबांच्या घरी काहीतरी झालंय. धाकट्या भावानं पाण्याची बाटली आणून दिली.

९ नोव्हेंबर, रविवार

आज रायफल नंतर. आधी तिला म्हणालो, दाखव तू कसं बघतेस.

उभी राहिली, डोळे मिटले, गाल उजवीकडं केला. "हितं लागतंय आधी. मग त्या पहिल्या शंभरातलं गवत बघायचं, शेंडे किती वाकल्यात. नंदगडला भात वारवताना बघितलंय न्हवं तुम्ही? सूप धरायच्या आधी बाई जरा थांबती. तसंच. लांबचा झेंडा मी शेवटी बघते, कधी बघतच न्हाय."

भात वारवताना बघितलंय, तिच्या माहेरी, दर वर्षी. सूप धरायच्या आधी बाई थांबते, हे नाही बघितलं.

सुभेदार मागं उभे. म्हणाले, "अण्णा, ह्ये मला ठाऊक होतं."
"काय ठाऊक होतं?"
"सिस्टर तुमचं ऐकत न्हाईत ते."
"मग सांगितलं का न्हाय?"
"नवरा-बायकोच्या मधी सुभेदारानं कशाला पडायचं?"

म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक. गवत कापणाऱ्यालाही असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

सु.नं आज मला पालथं पाडलं. "दहा मारा. बाकी काय न्हाय, दहाच."
"मान दुखते माझी."
"फिजिओनं चार वर्षांमागं बरी म्हणून लिहून दिलंय. कागद माझ्याकडंच हाय."

इथं तरी खरं लिहितो. मानेसाठी नेमबाजी सोडली, ती मान सहा महिन्यांत बरी झालेली. त्याच सुमारास हिचे आकडे माझ्या वर गेले. मानेचं दुखणं मला परवडलं. दुर्बीण घेतली आणि शेजारी पडलो, तिच्या दहांत माझा वाटा आहे असं धरून.

दहा गोळ्या, ७१. खांदा सुजला. दोन बाहेरच्या वर्तुळात, एक तर कुठं गेली ते खड्ड्यातल्यांनाही सापडलं नाही. घरी सु. खांद्याला मलम लावताना हसत होती, पाठीमागून कळतं मला.

रात्रीच्या भाकरीआधी म्हणाली, "पुढच्या रव्वारी मी एकटी जाऊ?"

"जा की," म्हणालो. लगेच म्हणालो. जरा जास्तच लगेच.

२३ नोव्हेंबर, रविवार

ती साडेसहाला गेली. दारात म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका." मी म्हणालो, "पाण्याची बाटली घेतलीस?"

स्कूटी नसल्यामुळं चालत बाजारात. मेथी आणली. घरी येऊन बघतो तर फ्रिजमध्ये मेथी आहे. टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आलो. नऊ वाजता झाडांकडं बघितलं, वारा उजवा, मध्यम. नळीपाशी पाच, टार्गेटपाशी तीन. कुणाला सांगणार.

एकला आली. हेल्मेट न काढताच कागद टेबलावर ठेवला.

९३, ९४, ९३, ९४, ९३, ९४. ५६१.

शेवटचे वीस पहिल्या वीससारखेच. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी कागद उलटासुलटा बघितला. असं का, ते दोघांनाही कळत होतं. ती म्हणाली, "पोहे केले न्हाईत काय?"

केले. शेंगदाणे जास्त घातले.

खूष झालो. दोन तास लागले खूष व्हायला, पण झालो.

६ डिसेंबर, शनिवार

निपाणी, आईकडं. सकाळी पांढरे कपडे घालून आईसोबत पुतळ्यापाशी. मेणबत्ती वाऱ्यानं दोनदा विझली, आईनं पदराचा आडोसा धरून तिसऱ्यांदा लावली. पाय थकलेत तिचे, पण रांगेत उभीच राहिली, खुर्ची नको म्हणाली.

घरी आल्यावर सु.ला विचारते, "गोळी मारताना काय म्हणतीस मनात?"
"काय न्हाय, आई."
"मग बरोबर हाय. आमच्या वखारीत मुकादमीण मागं उभारून बोलाय लागली की पानं चुकायची. हाताला कळतंय ते कानानं बिघडतंय."

तीस वर्षं तंबाखूची पानं निवडली आईनं. नुसतं बोट लावून ओलं-सुकं सांगायची. त्याच पैशांत मला शिकवलं.

मुकादमीण म्हणताना माझ्याकडं बघितलं तिनं. सु.नं काही सांगितलंय का हिला? विचारलं तर दोघी चहात बघायला लागल्या.

१४ डिसेंबर, रविवार

निवड चाचणी. मी चहाच्या टपरीपाशी, पाठ करून. एकेक आवाज मोजत होतो. साठावा झाल्यावर वळलो.

५६६.

सुभेदारांनी तिला सॅल्यूट केला. खरा, पलटणीतला. सु. लाजून जाकिटाची बटणं काढत बसली, आणि तपासणी होईपर्यंत ती काढायची नव्हतीच.

१० जानेवारी, शनिवार

बेंगळूर, राज्य स्पर्धेला. लॉजची खोली एवढीशी, तिची चटई पसरली की मला पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागतं. ठिपका खडूचा नको म्हणून पोस्टाचं तिकीट चिकटवलंय.

सरावाला गेलतो. रेंज अनोळखी, दोन्ही बाजूंना भिंती, वारा मधल्या फटीतून येतो. मी म्हणणार होतो, ती फट बघ. तोंड उघडलं आणि जांभई दिली.

"बघितली मी ती फट," ती म्हणाली.

११ जानेवारी, रविवार

प्रेक्षक दोरीच्या मागं. मागून बोलायला बंदी, खूण करायलाही बंदी. मी दोन्ही हात खिशात घातले.

९५, ९४, ९६, ९५. मग वारा फिरला. धूळ उठली, शेजारच्या दोघीतिघींनी घाईनं गोळ्या मारल्या, सात, आठ. सु.नं रायफल खांद्यावरून उतरवली. डोकं हातावर टेकून पडून राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. घड्याळ पळतंय. माझ्या मनात "उजवी सहा, उजवी सहा" चाललेलं. ती हलेना. माझ्या शेजारच्या गृहस्थानं विचारलं, झोपल्या काय ह्या?

मग गवत जरा उठलं. पहिल्या शंभरातलं, मीही तिकडंच बघत होतो. त्याच वेळी तिनं रायफल उचलली. चकतीवर किती घेतले ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. कळायला नकोच होतं.

९३. मग शेवटचे दहा : ९६. एकूण ५६९.

चौथी. तिसरी ५७० वर. राष्ट्रीय स्पर्धेच्या संघात तिघी जातात.

बाहेर आली तेव्हा गालावर दस्त्याचा वळ. मी पाण्याची बाटली पुढं केली. तिनंच विचारलं, "तुमचा आकडा किती होता, धूळ उठली तेव्हा?"
"सहा."
बाटलीचं झाकण लावलं. "मी पण सहाच घेतले."

खरं सांगितलं की माझं मन राखलं, विचारलं नाही. तिचा हात हातात घेऊन स्टँडपर्यंत गेलो. लग्नाला एकवीस वर्षं झाली, बेळगावात असं कधी केलं नसतं.

१५ जानेवारी, गुरुवार

कामाला लागलो दोघंही. तो एक गुण हुकल्यापासून ती भांडी जरा जोरात ठेवते, एवढंच. ५३ वी गोळी आठ गेली ती तिला सलतेय. मला सांगितलं नाही, पण वहीत त्या आकड्याभोवती गोल करून ठेवलाय.

तिळगूळ घेऊन सुभेदार येऊन गेले. जाताना मला म्हणाले, "पुढच्या महिन्यात क्लबाची मॅच हाय. पन्नाशीच्या वरच्यांची. सिस्टरनी तुमचं नाव दिलंय."
मी म्हणालो, मी एकोणपन्नासचा आहे.
"फेब्रुवारीत पन्नास लागतंय, ते पण सांगितलंय त्यांनी."

२३ जानेवारी, शुक्रवार

रजेवर आहे आज. अकरा वाजता फोन. संघाचे मॅनेजर, बेंगळूरहून, अर्धं कन्नड, अर्धं हिंदी. तिसऱ्या आलेल्या मुलीची परीक्षा स्पर्धेच्याच आठवड्यात येतेय, तिचं जाणं नक्की नाही. सोमवारी कळेल. ती गेली नाही तर तुमच्या मिसेस येतील काय? दहा दिवसांची सुट्टी लागेल, आधी हॉस्पिटलातून लिहून आणा.

मी "विचारून सांगतो" म्हणालो. हे बरं केलं. पूर्वीचा मी "येणार" म्हणून मोकळा झालो असतो.

दोन सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर आहेत, मार्चपर्यंत कुणालाच सुट्टी नाही, असं इनचार्जबाईंनी गेल्याच आठवड्यात वॉर्डात सांगितलंय. मिळेल की नाही कुणास ठाऊक. मागायची की नाही, तेही तीच ठरवेल. आणि ती मुलगी परीक्षा सोडून गेली तर सगळाच प्रश्न मिटला.

निरोप कागदावर नीट लिहिलाय, फोन नंबरसकट. माझं मत खाली लिहिलेलं, ते खोडलं. मग कागदच बदलला, कारण खोडलेलं वाचता येत होतं.

भात लावलाय. अडीच वाजले. पाळी संपली असेल.

स्कूटी आली. गेट उघडतेय. तिची चप्पल काढून होईपर्यंत, हातपाय धुऊन होईपर्यंत, दोन घास खाऊन होईपर्यंत काही बोलायचं नाही असं ठरवलंय.

हातपाय धुण्यापर्यंत तरी.